पाण्याने खाल्लेली हाक

मन्नानाला गेल्या वीस वर्षांत हजारो लोकांनी मावशी म्हणून, म्हणजे आमच्या बोलीत खाल्ती म्हणून, एकच प्रश्न विचारला असेल, "खाल्ती, धबधबा किती लांब आहे?" आणि तिने त्या हजारो लोकांना एकच उत्तर दिलं, "दहा मिनिटं." घळीच्या तोंडाशी, नदीकाठी तिच्या शेगड्या मांडलेल्या असतात. तिथून मोठ्या धबधब्यापर्यंत तगड्या माणसाला अडीच तास लागतात, आणि कोरे करकरीत बूट घालून आलेली कासाब्लांकाची मंडळी असली तर साडेतीन. पण खरं सांगितलं तर निम्मे तिथूनच माघारी फिरतील. मग दमून परत येताना तिच्या मातीच्या भांड्यात शिजलेल्या ताजीनवर तुटून कोण पडणार? शिवाय आमच्या खोऱ्यात सगळेच दहा मिनिटं म्हणतात. आम्ही याला थाप मानत नाही, धीर देणं म्हणतो.

गंमत अशी की लोकांना वर धाडणारी ही बाई स्वतः लग्न होऊन खाली आल्यापासून अडतीस वर्षांत एकदाही धबधब्यापर्यंत गेली नव्हती. नवरा मफद्दल हयात असताना दर उन्हाळ्यात म्हणायचा, "चल गं, एकदा वर जाऊन येऊ. तुझंच माहेर आहे." ती म्हणायची, "माझ्या शेगडीवर कोण बसेल, तुझा बाप?" बाप तर केव्हाच गेलेला. मफद्दल हसायचा आणि विषय सोडून द्यायचा. भला माणूस होता, चार वर्षांपूर्वी गेला. बायको वर का जात नाही हे त्याला ठाऊक होतं की नव्हतं, ते त्याने कधी कळू दिलं नाही.

मन्नाना वरची. धबधब्यापाशी घळीच्या दोन्ही भिंती अगदी जवळ येतात. अलीकडच्या कड्यावर तिच्या बापाची वस्ती होती, पाच-सहा घरांची. पलीकडच्या कड्यावर तेवढीच दुसरी वस्ती. मधे दोनशे पावलांचं अंतर, पण ते हवेतलं. पायी जायचं तर घळ उतरायची, नदी ओलांडायची आणि पुन्हा चढायचं. अर्धा दिवस मोडायचा. त्यामुळे एका कड्यावरच्या बाईला दुसऱ्या कड्यावरच्या बाईशी बोलायचं असलं, तर ती टोकावर उभी राहून हाक द्यायची. हाक म्हणजे नुसतं ओरडणं नव्हे. दोन ओळी जुळवायच्या आणि गळा ताणून, शेवटचं अक्षर लांबवत, वाऱ्यावर सोडायच्या. ऐकणारीने दोन ओळींनीच जबाब द्यायचा. ऐकून जबाब न देणं म्हणजे तोंडावर दार लावणं. एकामागून एक तीन हाका कोरड्या गेल्या, की नातं संपलं असं धरायचं. मग दोघींनी एकमेकींचं नावही काढायचं नाही.

पलीकडच्या कड्यावर रहिमो होती. दोघी एकाच वयाच्या, दोघींच्याही मागे शेळ्या. सातव्या-आठव्या वर्षापासून त्यांचं हे सुरू झालं. पहिली हाक रहिमोची होती:

"तुझी शेळी लंगडी, तुझा भाऊ बावळा,
तुझ्या आईच्या रश्श्यात पोहतो कावळा!"

मन्नानाने दोन शेळ्या हाकलून येईपर्यंत जुळवाजुळव केली आणि दणकून जबाब दिला:

"पोहायला आमच्याकडे रस्सा तरी आहे,
तुझ्या घरी कावळाही उपाशीच राहे!"

तेव्हापासून रोज. ऊन आलं की हाक, ऊन उतरलं की हाक. पोरी मोठ्या झाल्या तशा ओळीही वयात आल्या. मन्नानाचा आवाज असा होता की म्हणे खालच्या गावात नदीवर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून वर बघायच्या. आता खालपर्यंत आवाज येतो का, हे मी काही छातीठोक सांगणार नाही. सांगणाऱ्या बायका तसं सांगतात आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

समोरासमोर मात्र दोघी दोनदाच भेटल्या, दोन्ही वेळा जत्रेत. एकमेकींपुढे उभ्या राहिल्या आणि लाजेने मेल्या. कड्यावरून एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरणाऱ्या या पोरींना "बरी आहेस?" यापुढे शब्द सुचेना. दुसऱ्या दिवशी आपापल्या टोकावर गेल्या तेव्हा कुठे जिवात जीव आला.

मन्नाना एकोणीस वर्षांची असताना तिचं लग्न खालच्या गावच्या मफद्दलशी ठरलं. त्याआधी रहिमोच्या भावाने तिला मागणी घातली होती आणि मन्नानाच्या बापाने नाही म्हटलं होतं. भाऊ खरोखरच जरा बावळा होता. लग्न खरं तर सुगीनंतर व्हायचं. पण सासऱ्याने अंथरूण धरलं, त्याला सुनेचं तोंड बघायचं होतं, म्हणून घाईने वसंतातच उरकलं.

लग्न होऊन कडा सोडणाऱ्या मुलीची एक हाक असते. जाणाऱ्या मुलीने टोकावर उभं राहायचं आणि निरोपाच्या ओळी द्यायच्या. राहणारी पलीकडे बसून असते. तिने ऐकून उठायचं आणि जबाब देऊन तिला मोकळं करायचं. त्या सकाळी मन्नाना मेंदीचे हात घेऊन टोकावर आली आणि तिने हाक दिली:

"कड्यापलीकडच्या बाई, माझी वाट उतरणीची,
हाक दे गं मागून, मला सवय वळण्याची."

जबाब आला नाही. पुन्हा दिली. पुन्हा नाही. तिसरी देताना तिचा गळा कापत होता. पलीकडून काहीच नाही. खाली खेचर तयार होतं, बायका घाई करत होत्या. मन्नाना खेचरावर बसली, आणि घळ उतरेपर्यंत तिच्या डोळ्यांतलं पाणी खळलं नाही. बायकांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून रडते. तिला मात्र पक्कं कळलं होतं: भावाला नाकारलं म्हणून रहिमोने दार लावलं.

वसंतात डोंगरावरचं बर्फ वितळतं आणि धबधबा माजतो. त्या दिवसांत त्याच्या शेजारी उभं राहिलं तर स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, आणि उडालेल्या तुषारांच्या धुक्यात पलीकडचं टोक दिसत नाही. "पाणी हाक खातं" असं दोन्ही कड्यांवरचं शेंबडं पोरही सांगेल. त्या महिन्यात त्या दोघी कधी हाका द्यायच्याच नाहीत. पण माणूस दुखावलं की त्याला शेजारचा धबधबासुद्धा ऐकू येत नाही. पुढे वर्षांमागून वर्षं गेली, राग निवला, तेव्हा मन्नानाला कधीकधी वाटायचं, की पाण्याने खाल्ली असेल. पण लगेच मनच म्हणायचं, मग तिने नंतर एकदा तरी निरोप धाडला नसता? ती काय मेली होती?

अशी अडतीस वर्षं. मुलगा झाला, मोठा झाला, त्याचं लग्न झालं. वरच्या वस्तीतली माणसं एकेक करत तेतुआनला, तांजियरला गेली आणि बापाच्या घराचं छत बसलं. घळीत फिरायला लोक यायला लागले. मफद्दलने काठावर उंबराएवढ्या जुन्या अंजिराखाली जागा धरली, आणि मन्नाना कोळशाच्या शेगड्यांवर ताजीन शिजवू लागली. कोळशाच्या धुराने तिचा आवाज आत आत गेला. गिऱ्हाइकाला बोलवायचं झालं तरी ती पळी भांड्यावर आपटते.

मागच्या सोमवारी अल्लाल तिच्याकडे बिसारा, पावट्याचं दाट सार, खात बसला होता. अल्लाल खेचरावरून थंड पेयांचे खोके वर नेतो. त्याची सासुरवाडी पलीकडच्या कड्यावरची. बिसाऱ्यावर ऑलिव्हचं तेल ओतून घेत तो सहज म्हणाला, "खाल्ती, वरची रहिमो चालली बघ. मुलगा येतोय तांजियरहून, शुक्रवारी पहाटे गाडी घेऊन. शेळ्या विकल्या तिने. आता परत काय येतेय!"

मन्नाना पळीने भांडं ढवळत राहिली. रीतीप्रमाणे ते नाव तिच्यापुढे काढायचंच नव्हतं. अल्लालला तेवढं कुठलं ठाऊक.

"तुझी आठवण निघाली होती," तो भाकरीने वाडगा पुसत म्हणाला. "मी म्हटलं, मन्नानाच्या हातची चव शाउन शहरातसुद्धा नाही. तर म्हातारी म्हणते कशी, तिच्या हातचं मला काय सांगतोस, नवरी झाली आणि एक हाकसुद्धा न देता निघून गेली! म्हणे अख्खी सकाळ टोकावर बसले होते. धबधबा धडधडत होता तरी कान टवकारून बसले होते. म्हणे खालच्या गावची झाली आणि आम्हाला विसरली."

मन्नानाच्या हातातली पळी शेगडीत पडली.

"काय झालं खाल्ती?"

"काही नाही. अजून घालू का बिसारा?" आणि त्याने नको म्हणायच्या आत तिने वाडगा काठोकाठ भरला, निम्मा त्याच्या मांडीवर सांडला.

त्या दुपारी तिने तीन ताजीन करपवल्या. सून वफा वाकून वाकून बघायला लागली, सासूला ताप तर नाही ना. मन्नानाला ताप नव्हता. बसल्या जागी तिच्या अडतीस वर्षांची शिवण उसवत होती. रहिमो पलीकडे बसून होती. अख्खी सकाळ बसून होती. दोघींपैकी कुणीच दार लावलं नव्हतं, आणि दोघीही आयुष्यभर बंद दारापुढे बसून राहिल्या.

अल्लालने फोन लावून दिला. रहिमोच्या शेजाऱ्याचा नंबर त्याच्याकडे होता. मन्नानाने फोन दोन्ही हातांनी धरला.

"कशी आहेस?"

"बरी, अल्हम्दुलिल्लाह. तू?"

"बरी. मुलं?"

"बरी आहेत. तुझी?"

"अल्लाहची कृपा."

मन्नानाला सगळं सांगायचं होतं: मेंदीचे हात, तीन हाका, माजलेलं पाणी. पण त्या काळ्या डबीत तोंड घालून ते कसं सांगणार? पुन्हा जत्रेतल्या दोन पोरी समोरासमोर उभ्या राहिल्यासारखं झालं. शेवटी ती म्हणाली, "गुरुवारी ऊन कललं की, असरच्या नमाजाच्या वेळी, मी टोकावर येते. येशील?"

मग रहिमो म्हणाली, "बघते. गुडघे दुखतात." आणि फोन बंद.

अल्लाल म्हणाला, "झालं? याच्यासाठी माझे पैसे जाळलेस?"

गुरुवारी उजाडताना मन्नाना निघाली. वफा आडवी आली. सासूला ती मानाने लल्ला म्हणते. "लल्ला, तुम्हाला झालंय काय? नदीच्या पलीकडच्या दुकानात जायचं तर तुम्ही कण्हता, आणि आज धबधबा?"

"लोक पैसे खर्चून बघायला येतात. मी फुकटात बघू नको?"

"मग खेचरावर तरी बसा. अल्लाल नेतोय ना."

"आणि ती मला खेचरावरून येताना बघेल. म्हणेल, म्हातारी झाली."

"कोण म्हणेल?"

"माकडं," मन्नाना म्हणाली आणि चालू लागली. संध्याकाळी उतरायला मात्र अल्लालने खेचर घेऊन डोहापाशी थांबावं, हे तिने आधीच कबूल करून घेतलं होतं. मान वर ठेवायला तिची ना नसते, पण गुडघेही तिचेच.

लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं मंदील, आमच्या बायका नेसतात ते जाड कापड, तिने कमरेला कसलं होतं. डोक्यावर निळ्या गोंड्यांची रुंद गवती टोपी होती आणि पाठीवरच्या गाठोड्यात भाकरी, शेळीच्या दुधाचं पनीरासारखं जबन, मूठभर सुके अंजीर. वाट नदीच्या काठाकाठाने वर जाते. कधी या काठाला, कधी त्या. ओलांडायला दगड टाकलेले आहेत, दोन ठिकाणी ओंडके. सप्टेंबर संपत आला होता. पाणी दगडांमधून जेमतेम वाट काढत होतं. मन्नाना दर वळणावर थांबून कान द्यायची. पाणी असंच बारीक राहू दे, एवढंच तिचं त्या दिवशीचं मागणं होतं.

पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासात खडक सुरू झाले. इथे वाट अशी नसतेच, लोकांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले दगड बघून ठरवायचं. मन्नाना हातापायांवर चढत होती, दर दहा पावलांना मफद्दलचं नाव घेत होती आणि त्याला बोल लावत होती. तो असता तर मागून ढकलायला तरी झाला असता. तरण्या पोरांचे घोळके तिला मागे टाकून जात होते. एक पोरगी थांबून म्हणाली, "आजी, एकटी? मदत करू?" मन्नाना म्हणाली, "मी इथलीच आहे बाळा, हे दगड माझ्या ओळखीचे." ती पोरगी गेल्यावर ती एका ओळखीच्या दगडावर पाव तास धापा टाकत बसली.

अर्ध्या वाटेवर तुहामीचं संत्र्याच्या रसाचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार खांब, वर फांद्या, आणि थंड राहावीत म्हणून नदीत सोडलेली संत्री. मन्नाना तिथे पोचली तेव्हा तिच्या तोंडाला फेस आला होता.

"तुहामी," ती म्हणाली, "खरं सांग, किती राहिलं?"

तुहामीने मान न वळवता संत्रं पिळत सांगितलं, "दहा मिनिटं, खाल्ती."

मन्नानाने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग त्याने वळून बघितलं आणि कान पकडले. "तू आहेस होय! तुला खरं सांगायला पाहिजे. सव्वा तास. पण तू कशाला चढतेयस? खाली काही झालं का?"

"वर झालंय," ती म्हणाली. "अडतीस वर्षांपूर्वी." तुहामीने रसाचा पेला तिच्या हातात दिला आणि पुढे काही विचारलं नाही. आमच्याकडे गप्प बसण्याचं एवढं शहाणपण क्वचित कुणाला असतं.

पुढची वाट तिने कशी काढली ते तिचं तिला माहीत. धबधबा आला तेव्हा ऊन माथ्यावरून कलायला लागलं होतं. हिरव्या डोहाभोवती वीस-पंचवीस माणसं होती. काही पाण्यात किंचाळत होती, काही फोटो काढत होती, आणि मधे चार पोरांनी एक गाणारा डबा मोठ्ठा करून ठेवला होता. मन्नानाने धबधब्याकडे बघितलं. वसंतात अंगावर धावून येणारं ते पाणी आता कड्यावरून नुसतं ओघळत होतं. तिने छातीला हात लावून देवाचे आभार मानले.

डोहाच्या डाव्या अंगाने शेळ्यांची जुनी वाट टोकावर जाते. झुडपांनी ती निम्मी गिळली होती. पायांना मात्र ती आठवत होती. मन्नाना टोकावर पोचली आणि आधी समोर बघितलं.

पलीकडच्या टोकावर, गवती टोपी घातलेली एक बाई बसलेली होती.

तोंड दिसत नव्हतं, दिसण्यासारखं अंतरच नव्हतं ते. पण बसण्याची तऱ्हा, एक गुडघा उभा आणि त्यावर कोपर, ती तर रहिमोचीच. मन्नानाने खाली वाकून पोरांना ओरडून सांगितलं, "ए, तो डबा बंद करा! माझ्या बहिणीशी बोलायचंय!" पोरांनी वर बघितलं. कड्यावर उभी राहून कंबरेवर हात ठेवलेली ती बाई बघून त्यांनी डबा मुकाट्याने बंद केला.

मन्नानाने गळा खाकरला, ओठांपाशी तळवा धरला आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदा हाक दिली. नवे शब्द जुळवायला जीव थाऱ्यावर नव्हता. तिने जुनीच दिली, मेंदीच्या हातांची: कड्यापलीकडच्या बाई, माझी वाट उतरणीची. आवाज फाटका निघाला, पण निघाला. भिंतीवर आपटून परत आला, म्हणजे पलीकडे पोचला.

रहिमोने मान वर केली. तिने ऐकलं होतं. पण ती उठली नाही, बोलली नाही, बसून राहिली.

म्हणजे राग आहेच. म्हणजे एवढं चढून यायचं ते हे बघायला, की आता पाणी नाही, वारा नाही, ती समोर बसली आहे, ऐकते आहे, आणि तरी जबाब नाही. दुसरी हाक तिच्या गळ्यापर्यंत आली. तेवढ्यात तिला दिसलं, की पलीकडची बाई हात हलवते आहे. बोलवत नव्हती, तळवा खाली करून दाबल्यासारखा करत होती. बस, बस.

तेव्हा मन्नानाच्या डोक्यात उजेड पडला आणि ती स्वतःवरच चिडली. अगं गाढवे! निरोपाची हाक जाणारीची असते. जाणारी उभी राहते, राहणारी बसते. आज नवरी तू आहेस का? घळीत कोण राहतंय आणि गाडीत कोण बसतंय? अडतीस वर्षं आपल्याला जबाब मिळाला नाही, एवढं एकच उगाळत राहिल्याने, आज जबाब देणारी आपण आहोत हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ती खाली बसली. खडक उन्हाने तापलेला होता.

मग पलीकडची बाई उठली. एका हाताने खडक धरून, हळूहळू, गुडघ्यांची मनधरणी करत उभी राहिली. आणि हाक आली.

"कड्यापलीकडच्या बाई, माझी वाट उतरणीची…"

आवाज म्हातारा होता, मधे एके ठिकाणी तुटला. पण शेवटचं अक्षर लांबवताना त्याला वर उचलून झटका द्यायची ती लकब तशीच होती. सातव्या वर्षी कावळ्याला पोहायला लावणारी तीच. मन्नानाचं तोंड आपोआप उघडलं, आणि तिने ते मिटलं.

जबाब दिला की संपलं. जबाब मिळाल्यावर जाणारीने पुन्हा हाक द्यायची नसते. वळून उतरायचं असतं. मन्नानाला हा आवाज अजून एकदा हवा होता. फक्त एकदा. आयुष्यभर कोळशापुढे बसून जो आठवायचा प्रयत्न केला आणि आठवला नाही, तो समोरून येत होता, आणि तो आपणच थांबवायचा? ती बसून राहिली.

दुसरी हाक आली. आता जरा घाईची, प्रश्न विचारल्यासारखी. मन्नानाने डोळे मिटून ती अंगभर घेतली. खाली डोहाभोवतीची माणसं गप्प होऊन वर बघत होती.

तिसरी हाक सुरू झाली. पहिल्या दोन शब्दांतच मन्नानाने डोळे उघडले. त्या हाकेत भीती होती. गळा कापत होता, तळाशी रडू होतं, आणि त्या सगळ्याखाली एकच धास्ती: दार लावलं का गं? ही धास्ती तिच्या चांगली ओळखीची होती. मेंदीचे हात घेऊन ती स्वतः इथेच, याच दगडावर उभी होती, तेव्हा तिच्या गळ्यात हेच होतं. आणि आज पाण्याने काही खाल्लेलं नव्हतं. आज खाणारी ती होती.

मन्नाना धडपडत उठली, गुडघा खडकावर आपटला. हाक संपायची वाट न बघता, रहिमोच्या लांबवलेल्या अक्षरात आपला आवाज मिसळत, होता नव्हता तेवढा गळा पणाला लावून तिने जबाब दिला:

"जा बाई, वळू नको, वाट तुझी सरळ होवो,
तुझा आवाज माझ्या कड्यावर मुक्कामी राहो!"

पलीकडची हाक थांबली. बाई क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने टोपी नीट केली, खडकाचा आधार सोडला आणि झुडपांमागे उतरून गेली. रीतीप्रमाणे न बोलता, रीतीप्रमाणे न वळता. खाली डोहाजवळ कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि कुणीतरी त्याला गप्प केलं.

अडतीस वर्षं मन्नानाला वाटत आलं होतं, की कड्यावरून जाणारीचा जीव जबाबावाचून तुटतो. जबाब देऊन मागे राहणारीचं काय होतं, ते तिला आज कळलं. समोरचं टोक रिकामं होतं. पाणी बारीक आवाजात पडत होतं आणि त्या आवाजापलीकडचं सगळं, अगदी लांब कुठेतरी निखळलेला एक दगडसुद्धा, स्पष्ट ऐकू येत होतं. आता हाक द्यायला सगळं मोकळं होतं, आणि घ्यायला कुणी नव्हतं. खालून अल्लालने दोनदा नाव घेऊन बोलावलं, तरी ती ऊन कड्यावरून उतरेपर्यंत कान देऊन बसून राहिली.